लोखंडी नांगर आणि शेतकऱ्याची शंका

कृषी अभियांत्रिकी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ट्रॅक्टर उभा राहतो. खरं तर जमीन, पाणी, अवजारं आणि धान्याची साठवण या सगळ्यांचा हिशोब मांडणारं हे शास्त्र. आपल्या देशात त्याचा पदवी अभ्यासक्रम १९४२ साली अलाहाबादला सुरू झाला. पण त्याचा एक मोठा धडा त्याआधी चाळीस वर्षं बेळगावात गिरवला गेला होता.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तिथे १८८८ साली सायकलचं दुकान काढलं. पुढे कडबा कापायची यंत्रं केली आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. पण पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली! लोखंडाने जमिनीला विष चढतं, असा शेतकऱ्यांचा समज होता.

आज आपण या समजाला हसतो. पण जरा त्या शेतकऱ्याच्या जागी उभं राहून बघा. त्याचा बाभळीचा नांगर गावचा सुतार घडवी, फाळ लोहार पाजवी, आणि मोबदला सुगीला बलुत्यात जाई. बिडाचा भाग मोडला तर तो गावच्या भात्यावर सांधता येत नाही. ऐन हंगामात नांगर अडला की वर्ष गेलंच. विषाचा समज चुकीचा होता, धास्ती मात्र खोटी नव्हती.

नांगराचा गुणही तितकाच खरा. लाकडी नांगर जमीन चिरतो, उलथत नाही. दोन तासांमध्ये कोरी पट्टी राहते, म्हणून पुन्हा आडवी नांगरट करावी लागते. लोखंडी नांगर माती उचलून पालथी घालतो. काळ्या रानातल्या हरळी-कुंद्याची मुळं उन्हात पडून वाळतात. खोल नांगरटीला बैल मात्र जास्त लागत. एकाच जोडीच्या धन्याला सावड केल्याशिवाय गत्यंतर नसे.

१९१० साली औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या. शत्रूवर रोखलेलं लोखंड शेतात उतरलं!

आज पेरणीची, मळणीची कितीतरी यंत्रं आली आहेत. ती घेताना शेतकरी अजूनही आधी हेच विचारतो, "मोडलं तर दुरुस्त कोण करणार?" शंभर वर्षं जुना हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. अभियंत्याने आपलं काम तिथूनच सुरू करावं.