कचऱ्यात सापडलेला हँक विल्यम्स

आजचा एपिसोड छोटा आहे, पण शक्यतो हेडफोन लावून ऐका.

हँक विल्यम्स म्हणजे अमेरिकेच्या कंट्री म्युझिकमधला बाप माणूस. १ जानेवारी १९५३ ला, कार्यक्रमाला जाताना गाडीच्या मागच्या सीटवरच गेला. वय २९. मी २८ चा आहे, माझ्या नावावर दोन अ‍ॅप्स आहेत, त्यातलं एक बंद पडलंय. असो.

तर १९५१ साली नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम रेडिओवर सकाळी सकाळी त्याचा पंधरा मिनिटांचा कार्यक्रम लागायचा. प्रायोजक कोण, तर 'मदर्स बेस्ट' नावाचं पीठ! पण हँक सारखा दौऱ्यावर. मग बरेच भाग आधीच रेकॉर्ड करून ठेवायचे, १६ इंची अ‍ॅसिटेट तबकडीवर. अ‍ॅल्युमिनियमची चकती, वर लॅकरचा मऊ थर, त्यात सुईने थेट खाच कोरायची. प्रत्येक वेळी वाजवली की ती थोडी झिजणार. म्हणजे बघा, बॅकअप नसलेली फाइल, आणि उघडली की दरवेळी जराशी करप्ट होणारी.

त्यात काय काय होतं! रेकॉर्डवर कधीच न आलेली गाणी, भजनं, मधेच पिठाची जाहिरात, साथीदारांशी थट्टामस्करी. पुढे रेडिओवाल्यांनी या तबकड्या चक्क कचऱ्यात टाकल्या. तिथलाच फोटोग्राफर लेस लेव्हरेट याने त्या उचलून ठेवल्या, म्हणून वाचल्या.

मग सुरू झाली कोर्टकचेरी. रेकॉर्ड कंपनी म्हणे, हँकचा करार आमच्याशी, आवाज आमचा. दुसरी कंपनी म्हणे, तबकड्या आम्ही विकत घेतल्यात. २००६ मध्ये टेनेसीच्या अपील कोर्टाने दोघांनाही बाजूला सारलं. करार रेकॉर्डसाठी होता, रेडिओसाठी नाही. आणि तबकडी हातात आहे म्हणून त्यातला आवाज तुमचा होत नाही. हक्क वारसांचा. मला हा निकाल जाम आवडतो. आपल्याकडे हार्ड डिस्क ज्याच्या घरी, तो स्वतःला मालक समजतो.

वारस दोन: मुलगा हँक ज्युनिअर आणि मुलगी जेट. जेटचा जन्म हँक गेल्यावर पाच दिवसांनी झाला. ती दत्तक गेली, आणि आपण त्याची मुलगी आहोत हे सिद्ध करायलाही तिला कोर्टात लढावं लागलं. २००८ पासून ही रेकॉर्डिंग्ज बाजारात यायला लागली. गाणी तर तिला आधीही ऐकता येत होती. पण इथे दोन गाण्यांच्या मधे तिचा बाप नुसता गप्पा मारतोय, हसतोय, पीठ विकतोय.