सातवीनंतरची वाट

'आपला समाज मुलींना शिकवत नाही' हे वाक्य अमरावती-अकोल्याकडच्या जलशांत आता आमचेच लोक टाळ्या घेत बोलतात. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील मुसलमानांची साक्षरता ७८.१ टक्के होती, राज्याची ७६.९. आमची वस्ती शहरांत जास्त, हे त्याचे एक कारण आहेच. तरीही एवढे खरे की मुलगी शाळेत जाते. ती गळते पुढे, प्राथमिक आणि माध्यमिक यांच्या सांध्यावर. हा सांधा असा ठिसूळ का राहिला, हे पाहायला थोडे मागे जावे लागते.

वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेला, पण अचलपूर, बाळापूरसारख्या जुन्या कसब्यांतली उर्दू गेली नाही. १९३७ नंतर मध्य प्रांत-वऱ्हाडात रविशंकर शुक्लांची 'विद्या मंदिर' योजना आली, तेव्हा त्या नावावरून मुसलमानांनी जोराचा विरोध केला. त्या भांडणात खर्ची पडलेल्या ताकदीतली निम्मी जरी मुलींच्या शाळांकडे वळली असती तर, असे आम्हाला राहून राहून वाटते.

खरी गाठ पडली ती पुढे. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या आणि गावची प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेली. हायस्कुले मात्र मुख्यतः अनुदानावर चालणाऱ्या खाजगी संस्थांच्या हाती राहिली. पंजाबराव देशमुखांच्या शिवाजी शिक्षण संस्थेने १९३२ पासून बहुजनांची मुले हायस्कुलात आणली. तसे जाळे उर्दूला लाभले नाही. उर्दू हायस्कूल निघाले ते बहुधा शहरात, तालुक्याच्या गावी, जिथे पोरांची संख्या आणि चार पैसेवाले होते. खेड्यातली उर्दू शाळा चौथीला नाहीतर सातवीला संपली. म्हणजे मुलीने शाळा सोडण्याआधी शाळेनेच तिला सोडले.

मग दोन वाटा. एक एस.टी.ची. १९९६ पासून खेड्यातल्या मुलींना पास फुकट मिळू लागला. पण संध्याकाळची गाडी चुकली तर काय, आणि स्टँडवर कुणी काही बोलले तर काय, याचे उत्तर पासात नव्हते. असे एकदा घडले की पास ट्रंकेत. त्यात दिवाळीच्या आगेमागे पऱ्हाटी फुटते. वेचणीची मजुरी किलोवर, म्हणून अम्मी पहाटेच वावरात, आणि धाकटे भावंड मोठ्या मुलीच्या कडेवर. दोन महिने असे गेले की वर्षच गेले.

दुसरी वाट गावातल्याच मराठी हायस्कुलाची, दोन गल्ल्या ओलांडून. बाजारात, वावरात ही मुलगी झकास वऱ्हाडी बोलते. पण सात वर्षे जिने 'मुसल्लस' शिकला तिच्यापुढे आठवीत एकदम 'त्रिकोण' येतो, तोही दुसऱ्या लिपीत. सहामाहीत नापास झाली की घरचे म्हणतात, बस झाले बेटा. आम्ही मराठीत लिहिणारे लोक या जागी फार वेळ थांबत नाही. थांबायला हवे होते.

२००१ नंतर नव्या शाळांना परवानगी 'कायम विनाअनुदानित' या अटीवर मिळू लागली. 'कायम' हा शब्द निघायला २००९ उजाडले. उर्दू हायस्कूल निघाले तरी फी आलीच. २०१० मध्ये शिक्षणहक्क कायदा लागू झाला, तो चौदा वर्षांपर्यंत, आठवीपर्यंत. वेस एक इयत्ता पुढे सरकली, इतकेच. मग कोरोना. २२ फेब्रुवारी २०२१ ला अमरावती आणि अचलपुरात पुन्हा टाळेबंदी लागली. वर्ग मोबाइलवर, घरात मोबाइल एक, आणि तो भावाच्या हाती. २०२२ मध्ये केंद्राने पहिली ते आठवीची अल्पसंख्याक शिष्यवृत्तीही बंद केली.

२०२० च्या कायद्याने उर्दू शाळेतही मराठी सक्तीची झाली. सक्तीवर आमच्यात मतभेद आहेत, ते असोत. पण त्या शाळेत पहिलीपासून मराठी मन लावून शिकवणाऱ्या बाई मिळाल्या, तर आठवीची मुलगी त्या दोन गल्ल्या ओलांडू शकते. एस.टी.ची वाट पाहावी लागत नाही, आणि दुपारच्या सुट्टीत घरी येऊन भावंडाला जेवूही घालता येते.