घोडं नेमकं कुठे पेंड खातं

गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फेरी मारून आणायला घोडा घ्यावा, असं आमच्या एका स्नेह्याच्या मनात आलं, तेव्हा आळीतल्या प्रत्येकाने त्याला एकच सल्ला दिला. मध्ये दलाल घालू नकोस, थेट मालकाकडून घे. रत्नागिरीत हा सल्ला द्यायला घोड्यातलं काही कळावं लागत नाही. वाशीला आंब्याच्या पेट्या पाठवणाऱ्या घरात जन्मलं की पुरे. रुमालाखाली बोटं धरून ठरणारा भाव आणि महिन्याने हाती येणारी पट्टी, एवढ्यावर 'दलाल' या शब्दाचा अर्थ इथे पक्का झालेला आहे.

पूर्वपक्ष असा. दलाल दोन्हीकडून खातो. किंमत चढेल तसा त्याचा वाटा चढतो. आणि घोडा तर डोळ्यांसमोर उभा असतो, मग हातच्या कांकणाला आरसा कशाला? यातली पहिली दोन विधानं बव्हंशी खरी आहेत. तिसरं साफ चूक आहे, आणि सगळा सल्ला नेमका त्याच्यावर उभा आहे.

समोर उभा असलेला घोडा दिसतोच असं नाही. साधं वय घ्या. अडीच वर्षांच्या सुमारास पुढचे मधले दुधाचे दात पडतात, साडेतीनला त्यांच्या शेजारचे, साडेचारला कडेचे. पाचव्या वर्षी तोंड भरतं. मग खालच्या दातांवरचे काळे खळगे झिजत जातात आणि आठव्या वर्षापर्यंत बहुतेक बुजतात. दहाव्याच्या आसपास वरच्या कडेच्या दातावर हिरडीपाशी एक उभी रेघ फुटते, ती पंधराव्याला अर्ध्यावर येते, विसाव्याला टोकाला. हे वाचता येणारा माणूस शंभरात एखादा. आणि ज्याला वाचता येतं त्यालाच खळगे कोरून, डागून पुन्हा काळे करता येतात. लंगडीचंही तसंच. फेनिलब्युटाझोन दिलेला घोडा बाजाराचा दिवस बिनतक्रार दुडकत काढतो. आमच्या स्नेह्याने तर दातही पाहिले नाहीत. गळ्याखालचा भोवरा पाहिला, देवमण म्हणतात तो, शुभ. तेवढ्यावर सौदा झाला.

घोडा तरुण होता, धडधाकट होता. फक्त तो वरातीसाठी तयार केलेला होता. किनाऱ्यावर कुणाच्या स्पीकरवर ढोल वाजला की पाठीवर पोर असो वा कुणी, तो मागच्या पायांवर उभा राहून नाचू लागे. मालकाने खोटं सांगितलं होतं का? नाही. घोडा काय कामाचा, हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

आणि कायदा इथे मालकाच्या बाजूला झुकतो. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या 17 व्या कलमाखाली जी उदाहरणं दिली आहेत, त्यांतलं पहिलंच घोड्याचं आहे. घोड्यात खोट आहे हे ठाऊक असूनही लिलावात विकणारा गप्प बसला, तर ती फसवणूक नव्हे. घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल तर मात्र सांगणं त्याचं कर्तव्य ठरतं. आणि घेणारा जर म्हणाला, 'तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर मी घोडा निर्दोष समजेन,' तर मग गप्प बसणंही बोलण्यासारखंच. थोडक्यात, विकणाऱ्याची लेक नसाल तर विचारावं लागतं. काय विचारायचं हे ज्याला कळतं, असा माणूस सोबत लागतो. 'थेट' व्यवहारात नेमका तोच गळतो.

कोकणाला हे नवं वाटू नये. दाभोळ बंदरात अरबस्तानातून घोडे उतरत, हे पंधराव्या शतकात अफनासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याने लिहून ठेवलं आहे. तो स्वतः एक घोडा घेऊन चौलला उतरला, जुन्नरला तिथल्या खानाने तो हिसकावला, आणि शेवटी खुरासानच्या एका महंमदाने रदबदली करून तो परत मिळवून दिला. दलालीवर जगणारा नव्हे, पण मध्यस्थच. उलट टोकाचं उदाहरण विजयनगरचं. तिथला राजा सालुव नरसिंह मेलेले घोडेही विकत घेई. समुद्रात मेलेल्याचं शेपूट आणून दाखवलं की जिवंत घोड्याचे पैसे देई, असं पोर्तुगीज इतिवृत्तकार नुनिझ सांगतो. ज्याच्या खजिन्याला हे परवडतं त्याने खुशाल थेट खरेदी करावी.

आता इथेच घोडं पेंड खातं. मध्यस्थ हवा, पण तो पगार कोणाचा खातो? 2016 मध्ये राज्याने फळं-भाज्यांची अडत शेतकऱ्याच्या पट्टीतून न कापता खरेदीदाराकडून घ्यायला लावली. अडत्या तोच राहिला. पैसे कोणाच्या खिशातून, एवढंच बदललं. घोड्यातही प्रश्न तेवढाच आहे. माझा माणूस तो, ज्याची फी किमतीच्या टक्क्यांत नाही, ठोक आहे, आणि 'हा घेऊ नका' म्हटलं तरी जी त्याला मिळतेच. इसार तो ताब्यात ठेवील, पशुवैद्य विकणाऱ्याचा नव्हे तर आपला आणील, ग्लँडर्सच्या तपासणीसाठी रक्त काढवील. हा रोग माणसालाही होतो आणि त्याचा शेवटचा निर्वाळा हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राचा असतो. घोडा दावणीला आल्यावर हे करणं म्हणजे वरातीमागून घोडं. (आमच्या बाबतीत वरातीचंच.)

तो माणूसही फितला तर? फितू शकतो. पण करार कायद्याचं 216 वं कलम त्याच्यावर आहे. ज्याने नेमलं त्याच्या नकळत त्याच व्यवहारात स्वतःचा धंदा करून जो लाभ उपटला, तो नेमणाऱ्याला मागता येतो. गावच्या दलालावर हे कलम लावायला आधी तो कोणाचा प्रतिनिधी हे ठरवावं लागेल, आणि ते त्याला स्वतःलाही सांगता येणार नाही. फी फार होते, या आक्षेपात मात्र तथ्य आहे. स्वस्तातलं तट्टू घेणाऱ्याने एखाद्या जुन्या टांगेवाल्याला जेवू घालून सोबत न्यावं. तोही त्या दिवसापुरता आपलाच माणूस.

नाचरा घोडा शेवटी एका बँडवाल्याकडे गेला, आणि तिथे तो सुखात आहे. दुसरा घ्यायचं ठरलं तेव्हा स्नेह्याने घोडदळातून निवृत्त झालेला एक माणूस ठोक फीवर गाठला. दत्तजयंतीला तो अर्धा महाराष्ट्र ओलांडून तापीकाठी सारंगखेड्याच्या बाजारात गेला, चार दिवस फिरला. रेवाल चालीचे देखणे घोडे पाहिले, पण कोकणच्या पावसात आणि पोरांच्या गलक्यात टिकेल असा एकही त्याला वाटला नाही. रिकाम्या हातांनी परत आला आणि ठरलेली फी मोजून घेऊन गेला. आळीत अजून त्यावर हसतात.