इन्क्विझिशन दप्तरांचे सामाजिक जालविश्लेषण

इन्क्विझिशन दप्तरांचे सामाजिक जालविश्लेषण ही मध्ययुगीन युरोपातील ख्रिस्ती समाजाचा अभ्यास करण्याची संगणकाधारित पद्धत आहे. इन्क्विझिशन म्हणजे कॅथलिक चर्चने पाखंडाच्या शोधासाठी चालविलेली धर्मचौकशी. तिच्या नोंदींतील व्यक्ती, त्यांच्या भेटीगाठी, नातेसंबंध आणि परस्परांविरुद्धच्या साक्षी यांची विदा तयार करून संबंधांचे जाळे मांडले जाते. गोव्यात १५६० मध्ये स्थापन झालेले इन्क्विझिशन ही याहून नंतरची, पोर्तुगीज राजसत्तेशी निगडित संस्था होय.

पार्श्वभूमी

१२व्या शतकापासून दक्षिण फ्रान्समधील लाँगदॉक प्रदेशात चर्चला अमान्य असलेले धर्मोपदेशक वावरत होते. अनुयायी त्यांना ‘सज्जन’ म्हणत; पुढील काळात त्यांच्यासाठी ‘कॅथर’ हे नाव रूढ झाले. त्यांच्याविरुद्धचे अल्बिजेन्सियन धर्मयुद्ध (१२०९–१२२९) संपल्यानंतर १२३० च्या दशकात चौकशीचे काम मुख्यतः डोमिनिकन संघाच्या साधूंकडे सोपविण्यात आले.

प्रमुख साधने

बर्नार द को आणि झाँ द सँ-प्येर या डोमिनिकन चौकशी अधिकाऱ्यांनी १२४५–४६ मध्ये लोरागे परिसरातील गावकऱ्यांना तुलूझ येथे बोलावून त्यांच्या जबान्या घेतल्या. १४ वर्षांवरील पुरुष व १२ वर्षांवरील स्त्रिया यांना हजर राहणे बंधनकारक होते. या चौकशीच्या काही भागाची नक्कल तुलूझच्या ग्रंथालयात ‘हस्तलिखित ६०९’ म्हणून जतन केलेली असून तीत पाच हजारांहून अधिक व्यक्तींच्या जबान्या आहेत. पामिये येथील बिशप झाक फूर्निये (नंतरचे पोप बेनेडिक्ट बारावे) यांचे १३१८–१३२५ या काळातील दप्तरही महत्त्वाचे मानले जाते. त्याच्याच आधारे एमान्युएल ल र्‍वा लादुरी यांनी ‘माँतायू’ (१९७५) हा ग्रंथ लिहिला.

पद्धत

जाळ्यात प्रत्येक व्यक्ती एका बिंदूने आणि दोन व्यक्तींमधील संबंध एका रेषेने दर्शविला जातो. एखाद्या घरातील प्रवचनाला कोण उपस्थित होते, याची नोंद असल्यास व्यक्ती आणि प्रसंग असे द्विस्तरीय जाळे तयार होते. एखाद्या व्यक्तीचे थेट संबंध किती आहेत आणि इतरांना जोडणारा दुवा ती किती वेळा ठरते, या मापांवरून तिचे जाळ्यातील स्थान ठरविले जाते. चित्रणासाठी गेफीसारखी मुक्त आज्ञावली वापरता येते. परंतु त्याआधीची व्यक्तींची ओळख पटविणे ही पायरी अधिक कष्टाची असते. एकच नाव निरनिराळ्या प्रकारे लिहिलेले आढळते, तर एका गावात एकाच नावाच्या अनेक व्यक्ती असू शकतात.

संशोधन

पॉल ऑर्मरोड व अँड्र्यू रोच यांनी २००४ मध्ये मांडले की, पाखंडी विचार काही मोजक्या, अनेकांशी जोडलेल्या व्यक्तींमार्फत पसरत असत आणि सरसकट हिंसेपेक्षा अशा व्यक्तींना वेगळे काढणे चौकशी अधिकाऱ्यांना अधिक परिणामकारक ठरले. चेक प्रजासत्ताकातील ब्रनो येथील मासारिक विद्यापीठाच्या ‘डिसिनेट’ या प्रकल्पात डेव्हिड झ्बीराल यांच्या नेतृत्वाखाली अनेक दप्तरांची विदा तयार करण्यात आली. त्यासाठी विकसित केलेल्या ‘इंकव्हिझिटर’ या प्रणालीत मजकुरातील विधाने त्यांच्या संदर्भासह नोंदविली जातात.

मर्यादा

दप्तरातून उभे राहणारे जाळे हे प्रत्यक्ष समाजाचे नव्हे, तर चौकशीत नोंदल्या गेलेल्या समाजाचे असते. साक्षीदार ऑक्सितान भाषेत बोलत आणि लेखनिक ते लॅटिनमध्ये, बहुधा तृतीयपुरुषी वाक्यांत उतरवीत. पाखंडी व्यक्तीला कुठे पाहिले, सोबत कोण होते, तिला अभिवादन केले का, असे प्रश्न ठरलेले असत. त्यामुळे शेजारधर्म, सोयरीक किंवा एकत्र भोजन यांची नोंद ती पाखंडाशी जोडली गेली तरच होण्याची शक्यता अधिक असे. मार्क पेग यांच्या मते, गावातील रीतीप्रमाणे वाकून केलेला नमस्कारही दप्तरात ‘उपासना’ म्हणून नोंदला गेला. लाँगदॉकमध्ये ‘कॅथर चर्च’ अशी संघटना खरोखर होती का, या वादात म्हणूनच केवळ जाळ्याची घनता हा निर्णायक पुरावा ठरत नाही.

एखादी व्यक्ती जाळ्याच्या केंद्रस्थानी दिसण्यामागे तिचा प्रभाव असेल, तसेच तिच्याविषयी वारंवार विचारले गेले असेल किंवा ती आधीच मरण पावल्याने तिचे नाव घेणे सुरक्षित वाटले असेल. उलट पळून गेलेल्या, मौन पाळलेल्या किंवा ज्यांच्या जबान्या नष्ट झाल्या अशा व्यक्ती जाळ्यात अंधूक दिसतात किंवा मुळीच दिसत नाहीत. या कारणांमुळे ‘कोण कोणाला भेटले’ आणि ‘कोणी कोणाचे नाव सांगितले’ ही दोन जाळी स्वतंत्रपणे मांडणे आवश्यक ठरते. पहिले जाळे जबान्यांतून सांगितलेल्या गतजीवनाचे असते, तर दुसरे चौकशीच्या दबावाखाली घडलेल्या वर्तनाचे.