कपाटातलं पुस्तक आणि दहा डॉलर

स्मरणिका समितीने लेख मागितला तेव्हा अनेकांना वाटलं असेल, माजी सचिव म्हणजे पाण्याच्या टाकीचा नाहीतर लिफ्टचा इतिहास लिहिणार. ते काम इतर मंडळी करताहेतच. मी लिहिणार आहे सोसायटी ऑफिसातल्या पुस्तकांच्या कपाटाबद्दल आणि माझ्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल.

बारा-तेरा वर्षांपूर्वी बी विंगमधल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी कपाटाला वीस-पंचवीस पुस्तकं दिली. त्यात हार्पर ली या अमेरिकन लेखिकेची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ ही कादंबरी होती. एका सभासदांची सातवीतली मुलगी ती घरी घेऊन गेली. दोन दिवसांनी वडील ऑफिसात आले. म्हणाले, “साहेब, यात बलात्काराचा खटला आहे. मुलांच्या हाती हे कसं?” मी एक पानही उलटून पाहिलं नाही. वाद नको म्हणून पुस्तक ड्रॉवरमध्ये टाकलं आणि किल्ली फिरवली. ना सभेत विषय, ना इतिवृत्तात नोंद.

निवृत्तीनंतर ते पुस्तक वाचलं आणि शरमलो. मग त्याचा इतिहास शोधायला बसलो, तर कळलं की माझ्या आधी बऱ्याच जणांनी हेच केलं होतं.

कादंबरी १९६० साली आली, १९६१ ला तिला पुलित्झर पुरस्कार मिळाला. १९३० च्या दशकातलं अलाबामा राज्यातलं एक छोटं गाव. एका गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा खोटा आरोप टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय माणसावर येतो. गोरे वकील अॅटिकस फिंच गावाचा रोष पत्करून त्याचा खटला लढवतात. हे सगळं सांगते त्यांची लहान मुलगी स्काउट.

जानेवारी १९६६. व्हर्जिनिया राज्यातली हॅनोव्हर काउंटी. शाळा मंडळाच्या एका सदस्याच्या मुलाने हे पुस्तक शाळेतून घरी आणलं. वडिलांनी चाळलं आणि मंडळाने ते ‘अनैतिक’ ठरवून शाळांच्या ग्रंथालयांतून काढायचं ठरवलं. तो काळ लक्षात घ्या. याच राज्यातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने गोरी आणि काळी मुलं एकत्र बसू नयेत म्हणून १९५९ पासून पाच वर्षं सरकारी शाळाच बंद ठेवल्या होत्या. काळ्या-गोऱ्यांचं लग्न तिथे १९६७ पर्यंत गुन्हा होता. तिथे अनैतिक ठरली ती कादंबरी!

जवळच्या रिचमंड शहरातल्या ‘रिचमंड न्यूज लीडर’ या वृत्तपत्राने यावर वेगळाच उपाय काढला. सरकारी मूर्खपणाची खिल्ली उडवण्यासाठी त्यांनी एक निधी ठेवला होता. डिकन्सच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधल्या बंबल या पात्राचं नाव त्याला दिलेलं. त्या निधीतून त्यांनी जाहीर केलं की हॅनोव्हरच्या शाळांतली पहिली ५० मुलं पत्र पाठवतील, त्यांना कादंबरी फुकट मिळेल. ओळख ना पाळख, मुलांनी मागितली की पुस्तक घरपोच! हार्पर ली यांनीही संपादकांना खरमरीत पत्र लिहिलं. मंडळींना वाचता येतं का, अशी शंका घेतली, आणि सोबत निधीसाठी दहा डॉलर जोडले. ते दहा डॉलर शाळा मंडळाला कुठल्याही शाळेच्या पहिलीच्या वर्गात घालण्यासाठी वापरा, असा टोला.

गंमत म्हणजे त्या पत्राचे संपादक जेम्स किलपॅट्रिक हे स्वतः काळ्या-गोऱ्यांच्या एकत्र शाळांचे कट्टर विरोधक होते. तरी पुस्तक वाटायला पुढे आले. माणसं अशी सरळ रेषेत बसत नाहीत.

विरोध फक्त गोऱ्यांनीच केला असंही नाही. पुस्तकात काळ्या लोकांसाठीची शिवी पुन्हा पुन्हा येते. भर वर्गात ती ऐकताना आपल्या मुलाला काय वाटेल, हा प्रश्न कृष्णवर्णीय पालकांनी १९८१ साली इंडियाना राज्यात उचलला. त्यांचं दुखणं खोटं नव्हतं. २०२० सालीसुद्धा अमेरिकेत सर्वाधिक आक्षेप आलेल्या पहिल्या दहा पुस्तकांत ही कादंबरी होतीच.

आपली सोसायटी नोंदली गेली त्याच २००१ साली शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने ‘एक पुस्तक, एक शिकागो’ हा उपक्रम सुरू केला. साऱ्या शहराने एकाच वेळी एकच पुस्तक वाचायचं आणि त्यावर बोलायचं. काळ्या-गोऱ्यांच्या वस्त्या आजही वेगळ्या असलेल्या त्या शहराने पहिलं पुस्तक निवडलं ते हेच. अनोळखी माणसांना बोलायला एक विषय मिळाला.

हे वाचल्यावर माझी चूक मला नीट कळली. त्या वडिलांची काळजी चुकीची नव्हती. मुलीने वाचावं की नाही, हे घरी ठरवायचा हक्क त्यांना होताच. पण बाकीच्या ८४ घरांच्या वतीने ते मी परस्पर ठरवलं, तेही न वाचता. त्यांना चहाला बसवून “आधी दोघंही वाचू, मग बोलू” म्हणायला हवं होतं. पुस्तक देणाऱ्या बाई आता हयात नाहीत. त्यांची माफी मागायची राहून गेली.

गेल्या गुढीपाडव्याला पुस्तक कपाटात परत ठेवलं. आतल्या पानावर बाईंची सही आहे. रजिस्टरमध्ये नाव लिहा, घेऊन जा, वाचून झालं की वरच्या मजल्यावरच्या, अजून ओळख न झालेल्या बिऱ्हाडाला द्या. नाही पटलं तर ए-३०२ ची बेल वाजवा. चहा आहेच. या वेळी मी वाचून बसलोय.