चित्रासमोरचे बोलणे

१९९५ साली टफ नावाच्या बुटांची एक कृष्णधवल जाहिरात छापून आली. मधु सप्रे आणि मिलिंद सोमण हे मॉडेल एकमेकांना बिलगून उभे, दोघांच्याही अंगावर बुटांखेरीज काही नाही आणि दोघांभोवती विळखा घातलेला अजगर. छायाचित्र प्रबुद्ध दासगुप्ता यांचे. जाहिरात करणाऱ्यांना त्यातून बूट विकायचे होते. मुंबई पोलिसांना त्यात अश्लीलता दिसली आणि खटला उभा राहिला. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वेगळीच तक्रार झाली, कारण तिथे नजर अजगरावर खिळलेली होती. अश्लीलतेच्या खटल्यातून सुटका व्हायला २००९ साल उजाडले. या चौदा वर्षांत चित्रातली एक रेषही हलली नाही, मात्र ते पाहणारे शहर कितीतरी बदलले.

जाहिरातींच्या अभ्यासात नव्याने पाऊल टाकणाऱ्या वाचकाच्या हाती मी सर्वांत आधी हे उदाहरण देतो. जाहिरात काय सांगते, हा प्रश्न आपल्या तोंडी चटकन येतो, पण तो अपुरा आहे. जाहिरातीसमोर कोण उभे आहे, ती पाहून माणसे एकमेकांशी काय बोलतात आणि त्या बोलण्यात चित्राचा अर्थ कसा घडत जातो, हे आपल्या अभ्यासाचे खरे क्षेत्र. चित्र कितीही बारकाईने न्याहाळले तरी हे बोलणे ऐकल्याशिवाय त्याचा अर्थ हाती लागत नाही, असे माझे ठाम मत आहे.

रोलाँ बार्थ या फ्रेंच विचारवंताने १९६४ साली पान्झानी कंपनीच्या एका जाहिरातीवर निबंध लिहिला. बाजारातून भरून आणलेली जाळीची पिशवी, तिच्यातून डोकावणारी पास्त्याची पाकिटे, टोमॅटो, कांदे, मिरच्या. त्या लाल, पिवळ्या, हिरव्या रंगांतून फ्रेंच माणसाला इटली दिसते, असे बार्थ म्हणतो, आणि खुद्द इटालियन माणसाला ते तितकेसे जाणवणार नाही, हेही तो नोंदवतो. निबंधातले हे दुसरे निरीक्षण मला जास्त मोलाचे वाटते. पुढे १९७३ मध्ये स्टुअर्ट हॉल यांनी दूरचित्रवाणीच्या संदर्भात तीन प्रकारचे वाचन मांडले: सांगितलेले स्वीकारणे, काही घेऊन काही सोडणे आणि उलटून विरोध करणे. सुरुवातीला ही मांडणी हाताशी असावी. प्रत्यक्षात मात्र एकच माणूस एकाच बैठकीत तिन्ही करतो, आणि समोर कोण बसले आहे यावर त्यांचे प्रमाण ठरते.

आपल्याकडची सामग्री याहून समृद्ध आहे. इंग्लंडच्या गिरण्यांतून येणाऱ्या कापडाच्या गाठींवर देवादिकांची रंगीत लेबले चिकटवलेली असत. १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांनी मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला, आणि लक्ष्मी-सरस्वतीची शिळाछापाची चित्रे घरोघर पोहोचली. ही देवचित्रांची परंपरा दुकानदारांच्या आणि कारखानदारांच्या कॅलेंडरांवर उतरली. वर देव, खाली पेढीचे नाव, त्याखाली तारखांचा गठ्ठा. वर्ष संपले की घरातले कोणीतरी तारखा काढून टाकी, कात्रीने पेढीच्या नावाची पट्टी कापी आणि उरलेले चित्र चौकटीत घालून देवघरात लावी. जाहिरात तिथे संपली आणि पूजा सुरू झाली, असे म्हणता येईल. पण ज्या घरात पट्टी कापली गेली नाही तिथे पेढीचे नाव वर्षानुवर्षे देवाच्या पायाशी राहिले, आणि त्या सान्निध्यातून मिळणारा विश्वास हेच दुकानदाराला हवे होते. कजरी जैन यांनी ‘गॉड्स इन द बझार’ (२००७) या ग्रंथात कॅलेंडरांच्या या बाजाराची आणि त्यामागच्या व्यापारी नैतिकतेची सविस्तर उकल केली आहे. ज्याला या विषयात खोलवर उतरायचे आहे त्याने तो वाचावाच. पट्टी कापणारी ती कात्रीसुद्धा अर्थ लावत होती, हे ध्यानात घेतले की वाचन म्हणजे केवळ डोक्यात घडणारी गोष्ट नव्हे, हे पटते.

चित्र प्रवासाला निघाले की मतभेद तीव्र होतात. १९८९ मध्ये बेनेटन या इटालियन कंपनीसाठी ओलिव्हिएरो तोस्कानी यांनी एका कृष्णवर्णीय स्त्रीच्या अंगावर पिणाऱ्या गोऱ्या बाळाचे छायाचित्र काढले. युरोपात त्याला पुरस्कार मिळाले. अमेरिकेत अनेक कृष्णवर्णीयांना त्यात मालकांच्या मुलांना दूध पाजणारी गुलाम दाई दिसली, आणि तिथून ते मागे घेतले गेले. अमेरिकन प्रेक्षकांनी चित्र चुकीचे वाचले, असे म्हणणे मला अजिबात मान्य नाही. ज्यांच्या पणज्यांनी ते दूध पाजले होते त्यांनी आपला इतिहास त्या चित्रापाशी आणला. तो न आणता त्यांनी चित्र पाहावे, अशी अपेक्षा धरणेच अन्यायाचे आहे.

म्हणून नोंद कशी ठेवावी, हे आरंभीच सांगतो. अमूलच्या मुलीचे फलक १९६० च्या दशकापासून चालू घडामोडींवर कोट्या करत आले आहेत. त्यातली कोटी कळायला त्या आठवड्याचे वर्तमानपत्र डोक्यात ताजे लागते, आणि काही वर्षांनी तोच फलक कोडे होऊन बसतो. तेव्हा तारीख, ठिकाण, चित्रासोबतचा मजकूर आणि ऐकलेले बोलणे, शक्य तर बोलणाऱ्याच्याच शब्दांत, एकत्र टिपावे. तक्रारींनाही वाचन समजावे. जाहिरातदारांनीच १९८५ मध्ये स्थापन केलेल्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलकडे जाणाऱ्या तक्रारींत लोक चित्राकडे कसे पाहतात, याचा लेखी पुरावा असतो. तक्रारदार बहुधा आपल्याला काय दिसले ते नेटाने, तपशिलाने लिहितो. कौतुक करणारा इतके कष्ट क्वचितच घेतो.

सर्वांत अवघड प्रश्न नव्या अभ्यासकांच्या वाट्याला येणार आहे. चौकातला फलक सगळ्यांना एकच दिसत असे, म्हणून त्यावर वाद घालता येत असे. मोबाइलवर मात्र शेजारी बसलेल्या आई आणि मुलीला वेगवेगळ्या जाहिराती दिसतात, आणि एकीने काय पाहिले हे दुसरीला ठाऊक नसते. तिथे संभाषण आपोआप सुरू होत नाही, अभ्यासकाला ते घडवून आणावे लागते. एकाच घरातल्या चौघांना दिवसभरात दिसलेल्या जाहिराती जपून ठेवायला सांगाव्यात आणि रात्री त्या एकमेकांना दाखवायला लावाव्यात. त्या वेळी पहिला प्रश्न बहुधा जाहिरातीच्या अर्थाचा नसेल. ‘हे तुलाच का दाखवलं?’ असा असेल, आणि त्याचे उत्तर शोधण्याची पद्धत अजून आपल्याला घडवायची आहे.