सांध्याची रेघ

उन्हाळ्याच्या सुट्टीत नातू सोनागिरीला आला, की आमच्या जेवणाच्या मेजावर यंत्रमानवांचे हात, पाय आणि मस्तके मांडली जातात. ही जपानी प्लास्टिकची खेळणी सुट्या भागांत येतात. ती आपणच जोडावयाची असतात. यंदा त्याने एक पाय जोडला आणि गुडघ्यापासून घोट्यापर्यंत उतरलेली बारीक रेघ दाखवून तो म्हणाला, "आजोबा, ही रेघ घालवायची आहे. पण त्यासाठी गुडघा कापावा लागेल." कोरी वस्तू कापण्याची कल्पना मला रुचली नाही. मी नको म्हटले. परंतु त्या रेघेचा इतिहास मनात उलगडू लागला, तसतसा माझा विरोध मावळत गेला. तोच इतिहास आज सांगावयाचा आहे.

मुळात ही रेघ उमटते कशामुळे? कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' ग्रंथात धातूच्या मूर्ती ओतण्याची रीत सांगितली आहे. आधी मूर्ती मेणाची करावयाची, तिच्यावर मातीचे लेप द्यावयाचे, मग मेण वितळवून काढून त्या पोकळीत तप्त धातू ओतावयाचा. साचा अखंड, म्हणून मूर्तीवर सांधा नाही. मात्र मूर्ती बाहेर काढण्यासाठी तो साचा फोडावाच लागे. एका साच्यातून एकच मूर्ती! एकाच घडणीच्या मूर्ती घरोघरी पोहोचवावयाच्या, तर साचा पुन्हा वापरता आला पाहिजे. आणि पुन्हा वापरावयाचा, तर तो उघडता आला पाहिजे. जो साचा उघडतो, तो वस्तूवर रेघ ठेवून जातो.

माझे बालपण गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध असलेल्या पेणला गेले. तेथे साच्याच्या दोन्ही भागांत शाडू दाबून बसवीत, कडांना पाण्यात कालवलेली पातळ माती लावीत आणि दोन्ही अर्ध एकमेकांवर घट्ट दाबीत. साचा उघडला की गणपतीच्या दोन्ही कुशींवरून सांध्याची रेघ उतरलेली दिसे. ती ओल्या बोटाने, फडक्याने आणि कुंचल्याने घालवावी लागे. आमच्या आळीत हे काम बायका आणि आम्ही मुले करीत असू. घाई केली की मूर्ती वाळताना तोच सांधा पुन्हा तोंड उघडी. डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिराचे नाव गावभर होई. रेघ पुसणाऱ्या हातांचे नाव मात्र कोणी विचारीत नसे.

आता जपानकडे वळू. 'गंडम' नावाच्या यंत्रमानवाची चित्रमालिका तेथे १९७९ साली दूरचित्रवाणीवर आली आणि जुलै १९८० मध्ये बांदाई कंपनीने त्याचा पहिला जोडसंच तीनशे येनला विक्रीस काढला. मूळ यंत्रमानवाच्या एकशेचव्वेचाळिसाव्या भागाएवढा तो लहान होता. पोलादी साच्यांत दाबाने ओतलेले प्लास्टिकचे अर्ध गोंदाने जोडावयाचे आणि रंग आपणच द्यावयाचा, अशी ती रीत होती. हे द्रावण साध्या गोंदासारखे नुसते चिकटत नाही. ते प्लास्टिकच वितळवते. अर्ध दाबले की वितळलेले प्लास्टिक सांध्यातून बारीक वरंब्यासारखे वर येते. ते एक-दोन दिवस कडक होऊ द्यावे लागते. मग कानस, त्यानंतर चारशे आणि सहाशे नंबरचा पॉलिश पेपर, आणि शेवटी करड्या रंगाचे अस्तर. उरलेली रेघ असल्यास ती अस्तरावर लगेच उघडी पडते. येथेही घाई केली तर सांधा मागाहून खचतो.

राहिला गुडघा. तो पायाच्या दोन अर्धांमध्ये अडकलेला असतो. त्यामुळे आधी पाय घासून रंगवावा आणि मग वेगळ्या रंगाचा गुडघा बसवावा, असे करता येत नाही. म्हणून हौशी कारागिरांनी युक्ती काढली. आतील खोबणीची एक बाजू कापून तिचे तोंड उघडे करावयाचे, म्हणजे गुडघा शेवटी दाबून बसविता येतो. जपानी लोक या युक्तीला 'अतोहामे' म्हणतात; 'नंतर बसविणे' असा त्याचा अर्थ. पुढे कंपनीच्या रचनाकारांनीच अनेक सांधे चिलखताच्या खाचांत आणि कडांत वळविले. तरीही काही रेघा उरतातच.

नातवाने गुडघा कापला. तीन दिवसांनी पाय एकसंध झाला, आणि त्यावर खर्ची पडलेले तीन दिवस कोठेच दिसेनात. या कामाचे वैशिष्ट्य हेच, आणि त्याच्यावर होणारा अन्यायही हाच: ते जितके चांगले साधावे, तितका त्याचा पुरावा नाहीसा होतो. फसलेला सांधा इतिहासकाराला वस्तू कशी घडली ते सांगतो. साधलेला सांधा मूक राहतो. 'मानसोल्लासा'ने ओतण्याची रीत लिहून ठेवली, म्हणून ती आपणांस वाचावयास मिळते. पेणच्या त्या बायकांची रीत त्यांच्या बोटांत होती. ती बोटे आज नाहीत. म्हणून नातवाला मी एवढेच सांगितले, की हे कसे केलेस ते वहीत लिहून ठेव.